शेऱ्याचा रकाना

आई गेली त्या दिवशी सकाळी तिचं वजन बासष्ट किलो होतं. वहीत तसं लिहिलेलं आहे, माझ्या अक्षरात, निळ्या शाईने. आदल्या दिवशी बासष्ट किलो शंभर. त्याच्या आदल्या दिवशी एकसष्ट किलो नऊशे. सहा आठवडे मागे गेलं तरी आकडा असाच एका जागी उभा आहे. आमच्या घरात इतक्या शिस्तीत राहिलेली दुसरी गोष्ट मला आठवत नाही.

आई वजनकाट्यावर कारकून होती. शहराबाहेरच्या खडीच्या खाणीवर, फाटकाशेजारी तिची केबिन होती आणि केबिनच्या खिडकीखाली ट्रकचा काटा. ट्रक रिकामा येई, काट्यावर चढे, आई आकडा लिहून घेई. मग तो आत जाई आणि खडी भरून पुन्हा काट्यावर येई. भरलेल्यातून रिकामं वजा केलं की निव्वळ माल. पावतीवर चार रकाने होते: भरलेलं, रिकामं, निव्वळ आणि शेरा. चौथा बहुतेक वेळा कोराच जाई. अठ्ठावीस वर्षं तिने हे काम केलं. ड्रायव्हर तिला काटेबाई म्हणत. तोंडावर काटेबाई, पाठीमागे नुसतं काटा.

"फसवायचा प्रकार एकच," ती सांगायची. "रिकाम्या गाडीत पाण्याची पिंपं भरून आणायची. म्हणजे रिकामं वजन जास्त लागतं. मग आत जाऊन पाणी सोडून द्यायचं आणि तेवढी खडी फुकट भरायची. त्यांना वाटायचं, पिंपं ताडपत्रीखाली, बाईला काय दिसतंय. पण पाणी गळतं. मी आकडा नंतर बघायचे, आधी गाडीखालची जमीन बघायचे."

तिची सगळ्यात लाडकी गोष्ट साहेबांची होती. साहेब एकदा तिच्या खिडकीशी उभे होते आणि काट्यावर त्यांच्याच मेहुण्याचा ट्रक होता. खाली हे एवढं थारोळं. साहेबांनी थारोळ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि मग आभाळाकडे बघायला लागले. आईने पावती फाडली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: साहेबांनी पाहिलं. काही बोलले नाहीत.

ती पावती वर गेली आणि साहेबांची बढती अडली. बायकांच्या संडासाची किल्ली साहेबांच्या खणात असायची. दुसऱ्या दिवसापासून ती हरवली. सापडली ती थेट साहेब निवृत्त झाल्यावर, अकरा वर्षांनी. आईने एकदाही किल्ली मागितली नाही. सकाळी घरून निघताना जायची, ती संध्याकाळी घरी येऊन. मधे पाण्याचा थेंब पीत नसे.

"अकरा वर्षं," हे सांगताना ती एक बोट वर करायची. "एकदासुद्धा अडचण झाली नाही. विचारा कोणालाही." कोणाला विचारणार? पण ती हे पदक मिळाल्यासारखं सांगायची.

तिच्या निरोपाच्या दिवशी खाणीवरच्या लोकांनी तिला केबिनमधल्या जुन्या तराजूची लोखंडी वजनं दिली. दोन किलो, एक किलो, अर्धा, दोनशेची दोन, शंभराचं एक. सगळी मिळून चार किलो. तिच्या खोलीतल्या खिडकीच्या कट्ट्यावर ती उंचीप्रमाणे रांगेत उभी असत. मोलकरणीने रांग बिघडवली की आई तिला सुनावायची. पुढे मोलकरीण गेली आणि सुनावायला मी उरले.

एकाहत्तराव्या वर्षी तिचा रक्तदाब वाढला आणि पाय सुजायला लागले. डॉक्टर तरुण होते, हसरे. त्यांनी एक फिकट पिवळी गोळी लिहून दिली.

"यात दोन औषधं आहेत आजी. एक अंगातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे बाहेर काढतं. पण त्या पाण्याबरोबर पोटॅशियम वाहून जातं, ते बरं नाही. म्हणून दुसरं औषध. तेही थोडं पाणी काढतं, पण पोटॅशियम धरून ठेवतं."

"म्हणजे एक उधळ्या आणि एक चिक्कू," आई म्हणाली. "आणि तुम्ही त्यांचं लग्न लावलंत."

डॉक्टर मोठ्याने हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मीठ कमी. ते पथ्याचं म्हणून दुसरं मीठ मिळतं ना दुकानात, ते अजिबात नको, त्यात पोटॅशियमच असतं. गोळी सकाळी द्या. मधून मधून रक्त तपासायचं. आणि रोज सकाळी वजन करा, एकाच वेळी, एकाच कपड्यांत. पाणी साठायला लागलं की ते आधी काट्यावर कळतं, पायांवर नंतर. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर विचार करत बसू नका, सरळ इकडे या."

"काट्याचं मला सांगताय?" आई म्हणाली.

गोळीने काम केलं. महिन्याभरात पाय उतरले, दवाखान्यातल्या काट्यावर ती अठ्ठावन्न भरली. पण सातला गोळी घेतली की साडेसातपासून दहापर्यंत तिला दर वीस मिनिटांनी जावं लागे. आमचं घर दोन खोल्यांचं. मी पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितं तपासते, नऊच्या आत घर सोडते. माझी अंघोळ, तिचा दरवाजा, माझा चहा, तिचा दरवाजा. आणि तिला उठायला वेळ लागायचा. अकरा वर्षं थांबलेली बाई आता खुर्चीपासून दारापर्यंतसुद्धा थांबू शकत नव्हती.

पहिल्यांदा खुर्ची भिजली तेव्हा मी काही बोलले नाही. दुसऱ्यांदा भिजली तेव्हा गादी उन्हात टाकताना बोलले. तिसऱ्यांदा मी जाड प्लास्टिक आणून खुर्चीवर टाचलं. ती जराशी हलली तरी ते वाजायचं. मी आत असले तरी मला कळायचं की आई हलली.

"एखाद्या दुकानात ठेवल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. "किंमत पण लावून टाक."

"आई, मला रोज धुणं जमत नाही."

"तुला काय जमलं ग आयुष्यात? नवरा तेवढा एक होता, तो पण जमला नाही."

आमचं बोलणं असंच असायचं. दोघींनाही मऊ बोलायची सवय नव्हती आणि एकीने सुरू केलं असतं तर दुसरीला संशय आला असता.

मग बसची गोष्ट झाली. रक्त तपासायला सकाळी नेत होते. गोळी घेतलेली होती. हा माझाच मूर्खपणा, त्या दिवशी उशिरा देता आली असती. बस सिग्नलला अडकली. आईने माझं मनगट धरलं आणि सोडलं. थोड्या वेळाने पुढच्या बाकावरची बाई पाय वर घेत म्हणाली, "अहो, कुणाचं तरी पाणी सांडलंय इकडे."

आई खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, "माझी बाटली गळली."

घरी आल्यावर मी तिचे कपडे बादलीत टाकले, हात धुतले, आणि बाहेर येऊन म्हटलं, "काय काटेबाई, गाडीखालची जमीन बघितलीत का आज?"

ती खुर्चीत बसून होती. प्लास्टिकसुद्धा वाजलं नाही. साहेबांची गोष्ट त्यानंतर तिने कधी सांगितली नाही.

दादा दर रविवारी यायचा. बूट न काढता दाराजवळच्या स्टुलावर बसायचा, म्हणजे उठायला सोपं. संस्थेचा विषय त्यानेच काढला. वृद्धांसाठी होती, शहराच्या दुसऱ्या टोकाला. नुसतं बघून येऊ म्हणाला. तिघं गेलो. लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना पलंग, फरशी अजून ओली, फिनेलचा वास. तिथल्या बाई बऱ्या होत्या, प्रत्येक गोष्ट नीट सांगत होत्या.

"संध्याकाळी सहाला सगळ्यांना लंगोट बांधतो, सकाळी सहाला काढतो."

"आणि ज्यांना लागत नाही त्यांना?" आईने विचारलं.

"नियम सगळ्यांना एकच आहे आजी. एकीला सूट दिली की सगळ्या मागतात."

आईने टोकाच्या दाराकडे बोट केलं. "तो संडास ना? कुलूप दिसतंय."

"रात्री उठून पडतात हो. किल्ली माझ्याकडे असते, काळजी नको."

टॅक्सीत आई मधे बसली होती. संस्थेचं फाटक मागे पडलं. मग ती म्हणाली, "मला मारायचं असेल तर घरी मारा."

"आई, नाटकं नकोत," दादा म्हणाला. "जागा किती स्वच्छ आहे बघितलंस ना?"

"स्वच्छ आहे. मेलेलं माणूसपण स्वच्छच दिसतं."

दादाला त्याच्या घराच्या कोपऱ्यावर सोडलं. उतरताना तो मला म्हणाला, "एक पलंग महिनाअखेरपर्यंत धरून ठेवतील. तू म्हणशील तेव्हा फोन करू." तो माझ्याशी बोलत होता, पण आईच्या अंगावरून.

घरी आल्यावर मी तिच्यासमोर बसले आणि जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. माझं कामच शब्द लक्षात ठेवायचं आहे. मी म्हटलं, "आई, मी फोन करणार नाही. पण दोन गोष्टी. खुर्ची आणि गादी ओली होता कामा नये. आणि वजन वाढता कामा नये, कारण ते वाढलं की दवाखाने, आणि माझ्याकडे आता एकही रजा उरलेली नाही. यातली एक जरी गोष्ट झाली तर मी दादाला फोन करीन. कबूल?"

गोळी घेतली तर खुर्ची ओली होणार. नाही घेतली तर वजन वाढणार. आता लिहिताना हे दोन ओळींत दिसतं. तेव्हा मला दिसलं नाही. तिला तिथल्या तिथे दिसलं असावं, कारण ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. रिकाम्या गाडीकडे बघायची तशी.

"कबूल," ती म्हणाली. "काटा चांगला आण. स्वस्तातला नको."

काटा आणला. काचेचा, आकडे दिसणारा. न्हाणीघरात बेसिनसमोर ठेवला. पहिल्या सकाळी आई तिचा जाड, कापूस भरलेला गाउन घालून आली.

"हा कशाला? काढ ना."

"थंडी वाजते. आणि रोज एकच कपडे म्हणाले ना डॉक्टर? मग रोज हाच घालीन."

काट्यावर बासष्ट आले.

"दवाखान्यात अठ्ठावन्न होते," मी म्हटलं.

"गाउन आहे की अंगावर. आणि काट्याकाट्यात फरक असतोच. आमच्या खाणीवरचा आणि बंदराच्या धक्क्यावरचा कधी जुळला नाही." ती हळूच खाली उतरली. "फरकाचं काही नसतं. तो रोज तेवढाच राहिला म्हणजे झालं. तू बासष्ट धर आणि तिथून बघ."

मी वहीत बासष्ट लिहिलं. अठ्ठावीस वर्षं ट्रक मोजलेल्या बाईशी वजनावरून मी काय वाद घालणार?

त्याच दिवशी खिडकीतला कट्टा रिकामा दिसला.

"वजनं कुठे गेली?"

"गंज धरलाय. घासून तेल लावून ठेवतेय एकेकाला."

मग गोळी. सातला मी तिच्या तळहातावर गोळी ठेवायचे, ती तोंडात टाकायची, पाणी प्यायची. मी म्हणायचे, "जीभ." ती जीभ काढून दाखवायची. लहान मुलासारखी नाही, शिक्षा झालेल्या माणसासारखी. वरची कवळी काढून दाखव असं मला कधी सुचलं नाही.

खुर्ची कोरडी राहायला लागली. आधी दोन दिवस, मग आठवडा. सकाळी न्हाणीघर मला मोकळं मिळायला लागलं. तिसऱ्या आठवड्यात मी खुर्चीवरचं प्लास्टिक काढलं आणि गुंडाळून माळ्यावर टाकलं.

"सवय झाली वाटतं गोळीची," मी म्हटलं.

"शरीर शिकतं," आई म्हणाली. "तुझ्यासारखं नाही."

कट्ट्यावर वजनं परत यायला लागली. आधी शंभराचं आलं. मग ते नाहीसं झालं आणि दोनशेचं आलं. मग दोन्ही. मग एकदम अर्ध्या किलोचं दिसलं आणि धाकटी सगळी गेली. रोज रांगेतली वेगळी जागा रिकामी असायची. मला वाटायचं, घासते आहे. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी चाळा लागतो. मी उठायच्या आधी, सहाच्या सुमारास, न्हाणीघरातून काट्यावर पाय ठेवल्याचा टप असा आवाज यायचा. मी कूस बदलायचे. पुन्हा सात वाजता ती माझ्यासमोर गाउन घालून उभी राही. एकसष्ट नऊशे. बासष्ट. बासष्ट शंभर. थोडं इकडे, थोडं तिकडे. आकडा रोज हुबेहूब तोच आला तर ड्रायव्हरवर सुद्धा संशय येतो, हे तिला कोणी शिकवायला नको होतं.

चौथ्या आठवड्यापासून ती घरात मोजे घालायला लागली. पाचव्यात पलंगावर झोपेना, खुर्चीत तीन उशा लावून बसायची. म्हणाली, आडवं झालं की पुस्तक वाचता येत नाही. पुस्तक मांडीवर असायचं, चष्मा मात्र टेबलावर. जिना तिने सोडला होताच, आता बोलतानाही वाक्याच्या मधे थांबायची आणि थांबलेली लपवायला खोकायची.

रविवारी दादा आला आणि स्टुलावरून म्हणाला, "अरे वा! आई, तब्येत सुधारली की! गाल कसे वर आलेत बघ."

"तुझ्या बहिणीच्या हातचं अळणी मानवलं," आई म्हणाली.

"मग त्या पलंगाचं काय करू? ते विचारतायत. अजून महिनाभर धरतील म्हणतात."

आईने माझ्याकडे बघितलं. मी वही उघडून दादाला दाखवली. त्याने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. "वजन कायम. खुर्ची?"

"कोरडी," मी म्हटलं.

"मग राहू दे," तो म्हणाला आणि उठला. आईने डोळे मिटले. मला वाटलं, झोप आली.

त्यानंतरच्या मंगळवारी सहाच्या सहा वजनं कट्ट्यावर उभी होती. उंचीप्रमाणे, रांगेत. तेलाने चकाकत होती. बुधवारीही होती.

बुधवारची सकाळ मला नीट सांगायची आहे.

सात वाजता आई काट्यावर चढली. गाउन अंगावर होता, पण तो आता हलका दिसत होता, खाली ओढलेला नव्हता, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. माझ्या हातात वही होती. आकडा ठरेना. बासष्ट पाचशे, एकसष्ट सातशे, बासष्ट दोनशे. चांगला काटा असा हलत नाही. मी मान खाली घालून आकडा बघत होते, मग कशासाठी कोण जाणे वर बघितलं. आईचा डावा हात बेसिनच्या कडेवर होता. आधाराला टेकतो तसा नाही. ती सगळा जोर लावून बेसिन दाबत होती, नखं पांढरी पडली होती आणि दंड थरथरत होता. आकडा हवा तिथे यावा म्हणून ती स्वतःला काट्यावरून उचलून धरत होती. उघड्या दारातून पलीकडच्या खोलीतला कट्टा दिसत होता आणि त्यावर ती सहा वजनं.

मी दिवसभर दुसऱ्यांच्या ओळींतल्या चुका शोधते. मला कळायला दोन श्वासांएवढा वेळही लागला नाही. चार किलो लोखंड गाउनमधून एकेक करून बाहेर आलं होतं, आणि त्याच्या जागी आत काय भरलं होतं, तेही कळलं. कवळीचं तेवढं नंतर कळलं.

बोलले असते तर त्याच मिनिटाला दवाखाना. दवाखान्यातून दादा, दादातून तो पलंग. किंवा घरी, आणि पुन्हा प्लास्टिक, पुन्हा दर वीस मिनिटांनी दरवाजा, पुन्हा बादली. नऊच्या आत मला कामावर पोचायचं होतं. एका पुस्तकाची शेवटची मुद्रितं त्या दिवशी जायची होती. ही कारणं मी तेव्हा मनात मांडली असं नाही. तेव्हा मनात एकच गोष्ट होती. चाळीस दिवस घर कोरडं होतं.

आकडा बासष्टवर क्षणभर थांबला.

"झालं?" आईने विचारलं.

"बासष्ट," मी म्हटलं आणि लिहिलं.

तिने बेसिनवरचा हात काढला आणि झटकन खाली उतरली. मग गोळी, पाणी, जीभ. सगळं रोजच्यासारखं. दाराबाहेर पडताना मी म्हटलं, "काही वाटलं तर शेजारी हाक मार." असं मी रोज म्हणत नसे.

"जा तू," आई म्हणाली. "तुला उशीर होतोय."

दुपारी शेजारणीचा फोन आला. आई खुर्चीत होती, पुढे वाकलेली, तोंडाशी गुलाबी फेस. आपल्याच पाण्यात बुडाल्यासारखी. खुर्ची कोरडी होती.

डॉक्टरांनी मोजे काढले आणि तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला. गुडघ्याच्या वरही तेच. मग त्यांनी वही मागितली. उभ्या उभ्या सगळी पानं चाळली.

"रोज लिहिलंय," ते म्हणाले. "अशी वही मी कुठल्याच पेशंटची बघितलेली नाही. मग हे एवढं पाणी आलं कुठून? गोळी घेत होत्या?"

"माझ्यासमोर घेत होत्या."

त्यांनी काट्याकडे बघितलं. "काटा बिघडलेला असणार," ते हळूच म्हणाले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही स्वतःला दोष देऊ नका."

मी म्हटलं, "हो, काटाच असेल."

दादा दारात उभा होता. "वॉरंटीत असेल अजून," तो म्हणाला. "बदलून घे." मग कोणीतरी काहीतरी करायला हवं असं वाटून तो खाली वाकला आणि काटा उलटा करून बघायला लागला.

दोन आठवड्यांनी मी तिची खोली आवरायला घेतली. गाउनच्या आत कमरेशी चार खिसे होते, दुहेरी दोऱ्याने शिवलेले, टाके एकसारखे. कवळीच्या डबीत कवळीला वरच्या बाजूने पिवळा डाग होता. डबीखाली खाणीवरचं जुनं पावतीपुस्तक होतं, कार्बनसकट.

बेचाळीस पावत्या भरलेल्या होत्या. रोजची एक, तारीख घालून, सही करून. भरलेलं म्हणजे काट्यावर मला दिसलेला आकडा. रिकामं म्हणजे लोखंड. निव्वळ म्हणजे ती. पहिल्या पावतीवर बासष्ट, चार, अठ्ठावन्न. पुढे दुसरा रकाना कमी होत जातो आणि तिसरा वाढत जातो. वजाबाकीत एकही चूक नाही. साठ किलोच्या पावतीची तारीख मी वहीशी ताडून पाहिली. दादा गाल बघून खूश झाला तो रविवार होता. एक्केचाळिसाव्या पावतीवर दुसऱ्या रकान्यात शून्य.

एक्केचाळीस पावत्यांवर शेऱ्याचा रकाना कोरा आहे. मला वाटलं होतं, कुठेतरी दम लागल्याचं लिहिलं असेल, किंवा माझ्याबद्दल काही, शिवी तरी. नाही.

बेचाळिसावी बुधवारची. मी कामावर गेल्यानंतर लिहिलेली असणार. भरलेलं बासष्ट. रिकामं, तिथे नुसती रेघ. निव्वळ त्रेसष्ट किलो दोनशे. म्हणजे मी गेल्यावर ती पुन्हा एकदा काट्यावर उभी राहिली होती, बेसिनला हात न लावता. आणि चौथ्या रकान्यात, नेहमीच्या सुट्या, ठळक अक्षरात:

मुलीने पाहिलं. काही बोलली नाही.

मी ती ओळ सवयीने दोनदा तपासली. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नाही.